आक्काचं मूळ

आबा, यंदाची जत्रा नीट पार पडली. बैलगाडे पळाले, पालखीला खांदे पुरले, पुरणही बेतानं उरलं. पण तुमची लेक आक्का आदल्या दिवशी आली नाही, तेवढं तुम्हाला सांगायचं आहे.

झालं असं, की जत्रेची पत्रिका आता मोबाईलवर येते. वर देवाचा फोटो, खाली वर्गणीदारांच्या नावांची ही रांग. माझ्या थोरल्यानं ती एका बोटानं साऱ्या भावकीला आणि लेकींना धाडली आणि मीही म्हटलं, चला, एक काम हातावेगळं झालं. जत्रेच्या आदल्या संध्याकाळपर्यंत गावच्या लेकी एकेक करून माहेरी आल्या. वडिवळ्याहून आक्का काही आली नाही. शेवटी फोन लावला. म्हटलं, "आक्का, पत्रिका मिळाली न्हाई व्हय?"

"मिळाली की. लय झ्याक हाय."

"मग?"

"मोबाईलवर बोलावलंस, मोबाईलवरच दर्शन घेते. तितं कशाला येऊ?" आणि ठेवला फोन.

सून म्हणाली, आत्याबाई रुसल्या. नुसता रुसवा असता तर मी मनाला लावून घेतलं नसतं. मी कारखान्यात नवा लागलो होतो तेव्हाची गोष्ट आठवली. मी तुम्हाला म्हटलं होतं, आबा, ऊन लय आहे, कामावर जाता जाता जत्रेचं तुमच्या बहिणीला, आत्याला, मीच सांगून जातो. तुम्ही पटका बांधत होता. माझ्याकडे न बघताच म्हणालात, "सांगायला पोष्टमनबी जातो. बोलावणं गावाला आसतं, लेकीला मूळ लागतं. बापानं धाडायचं, भावानं जायचं, आन् संगं घेऊनच यायचं." उपरण्यात नारळ बांधला आणि निघालात बांधाबांधानं. परत आलात तेव्हा आत्या पुढे चालतेय आणि तिचं गाठोडं तुमच्या डोक्यावर.

म्हणून जत्रेच्या दिवशी सकाळीच नारळ आणि खण घेतला, थोरल्याला गाडी काढायला लावली. आक्का ओट्यावर बसलेली. अंगावर नवं लुगडं, शेजारी भरलेली पिशवी. माझी नजर पिशवीकडे गेली तशी तिनं ती पायानं मागं सारली.

"कुणी धाडलं तुला? सुनंनं?"

मूळ बाप धाडतो. तुम्हाला जाऊन किती काळ लोटला ते तिलाही ठाऊक, मलाही. पण तिचा गुडघा सुजलेला, डोळे माझ्या तोंडावर. मी बोलून गेलो, "आबांनी. पहाटं सपनात आलते. म्हणले, आक्का आल्याबिगर पालखी हलवू नगा."

तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "डोक्याला पटका व्हता?"

"व्हता की."

"मंग आबाच." आणि उठायला हात पुढे केला.

गाडी दारातच उभी होती, तरी पिशवी मी डोक्यावर घेतली. थोरला हसला, हसू दे. देवळात आक्का भेटेल त्याला सांगत होती, आबा आलते, माझ्यासाठी पालखी थांबवली. लोक माझ्याकडे बघायचे आणि मी मान हलवायचो.

आबा, तुम्ही आला नव्हता. त्या पहाटे नाही, आणि त्याआधीही कितीतरी वर्षं नाही. आक्काला हे कळायला नको, म्हणून हा कागद उद्या सकाळी बंबात घालीन. जमलं तर एकदा येऊन जा. पटका बांधून या, म्हणजे मी खोटा पडणार नाही.