सातचं पाणी

बाई, यंदाही नारळी पौर्णिमा झाली आणि मत्स्यालयाचे पंप सुरू झाले. पावसाळ्यात समुद्र गढूळ, म्हणून बऱ्याचशा टाक्या रिकाम्या आणि पाण्याचा आंबटपणा मोजणारे प्रोब कापसात गुंडाळून कपाटात कोरडे, ही साहेबांची पद्धत. तुम्ही दरवर्षी कुरकुरायचात, आणि कपाट उघडलं की त्या काचेच्या नळ्या आधी क्षाराच्या पाण्यात रात्रभर भिजत घालायचात, घरून आणलेल्या लोणच्याच्या बरणीत. ऐंशी सालानंतर मी तुमच्या हाताखाली नवी लागले तेव्हा मला सगळ्याचीच घाई. नळी काढली की निघाले टाकीकडे. "काय गो, कडवे वाल न भिजवताच चुलीवर चढवतेस काय?" तुम्ही म्हणालात. "टोकाचा तो फुगा पाणी प्यायल्याशिवाय खरं बोलायचा नाही. आणि पुसू नको हो, नुसतं टिपून घे." मला राग आला होता, पण वाल माझ्या आईच्या हातचे आठवले आणि हसू आलं.

भिजून झालं की सातचं पाणी. ज्याचा आकडा नक्की सात ठरलेला असतो, ते बाटलीतलं पाणी. त्यात नळी ठेवायची, काटा सातावर येईपर्यंत यंत्राचं बटण फिरवायचं, मग नऊच्या पाण्यात तसंच, आणि त्यानंतर समुद्राचं पाणी. तुमच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी तुम्ही म्हणता, "आला सातावर," आणि मी तुमच्या खांद्यावरून बघते तर काटा साडेसहाशी. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. यंत्र असं लावलं तर टाकीतलं पाणी आहे त्याहून आंबट दिसणार, आपण त्यात नको असताना सोडा घालणार आणि मासे जाणार. तुम्ही टाक्यांवर फेरी मारायला गेलात की मी पुन्हा सातच्या पाण्यात नळी बुडवून बटण सरळ करून ठेवायचे. गणपती गेले, नवरात्र गेलं. आपण बाईंना किती सांभाळून घेतो, असं मला वाटायचं. आता त्या वाटण्याची लाज वाटते.

बटणाला एक खाच होती, ती तुम्ही बोटाने चाचपायचात हे मला कुठे ठाऊक. एके सकाळी फेरीवरून परत आलात, खाचेवर बोट ठेवलंत, ती तुम्ही ठेवल्या जागी नव्हती, आणि माझ्याकडे न बघता विचारलंत, "कधीपासून फिरवतेस?"

मी म्हटलं, "बाई, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"माझी अब्रू राखायला निघालीस? आपलं काम मासे राखायचं. आणि एक दिवस तू आली नसतीस तर?" आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी साहेब आणि पंपवाले सगळे चहाला जमले असताना तुम्ही उभ्या राहिलात. "मला काटा दिसत नाही. आजपासून यंत्र हिच्याकडे," म्हणालात, आणि बशीत चहा ओतून घेतलात. निवृत्तीपर्यंत तुम्ही शेवंडांच्या टाकीत खाणं घालत होतात. जाताना बरणी माझ्यासाठी ठेवून गेलात.

आता यंत्रावर आकडेच उमटतात, काटा नाही. डोळे माझे चांगले आहेत, बाई. विसरायला होतं. सातचं पाणी ओतलं की नऊचं, मधे नळी धुतली की नाही, हातात बाटली घेऊन मी उभी राहते. माझ्या हाताखाली एक मुलगी आहे, गुहागरकडची, गोड बोलणारी. परवा फेरीवरून आले तर सातच्या पाण्याचा मी अर्धा ठेवलेला पेला काठोकाठ भरलेला, ताजा. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही केलंय ते बरोबरच आहे." तुमचं बोट खाचेवर कसं थांबलं असेल, ते मला त्या वेळी कळलं.

तुमच्यासारखं चारचौघांत उभं राहून सांगायला हवं. रोज ठरवते. हे पत्रही त्यासाठीच लिहायला घेतलं, निदान तुम्हाला तरी सांगून बघावं म्हणून. पण आज सकाळी मी काय केलं सांगू? यंत्र लावलं, फेरीला गेले, आणि शेवटच्या टाकीपाशी उगाचच बराच वेळ थांबले, तिकडे यंत्रापाशी त्या मुलीचं उरकेपर्यंत.