श्रीरंगसाठी रहस्यमालिका

३ फेब्रुवारी
डबा फुकट मिळाला. लायब्ररीने टाकायला काढलेल्या डीव्हीडी — कोणीही न्या! खरा खर्च असा: प्लेअर ॲटिकमधून खाली आणताना दुखावलेला उजवा गुडघा, आणि बायकोचा, सुहासिनीचा, अबोला. "शिडी चढायचं वय आहे का हे?" एवढंच म्हणाली.

रहस्यकथांची मालिका, टीव्ही नवा होता तेव्हाची. दर भागात नवी गोष्ट, नवा खून. आधी रेडिओवर होती, तीच उचलून टीव्हीवर आणली. म्हणून तर घेतली! पात्रं सगळं बोलूनच दाखवतात — "अरे, तुझ्या हातात पिस्तूल?" बघायला डोळे हवेतच कुणाला?

दिवाळीत शेजारच्या श्रीरंगची नजर गेली. तेव्हापासून पलंग सोडत नाही. त्याची मुलगी आसावरी मार्चमध्ये त्याला कॅरीला, तिच्या घरी नेणार. "मोरूकाका, बाबा रूमबाहेर येतच नाहीत. एकटं कसं ठेवू?" तिचंही खरंच. पण इतक्या वर्षांचा शेजार! म्हटलं, मार्चपर्यंत काही ठरवू नकोस. त्याला हॉलमध्ये आणून दाखवतो.

५ फेब्रुवारी
फजिती. प्लेअर त्याच्या खोलीत लावला. छान चाललं होतं, आणि ऐन रंगात नुसतं संगीत. बाई नवऱ्याच्या ग्लासात पुडी टाकते — मुकाट! रेडिओवर काहीतरी बोलली असती की. "काय झालं? मोऱ्या, काय झालं?" मी सांगेपर्यंत नवरा मेला. श्रीरंग भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "बंद कर. माझ्यासाठी नाही हे."

६ फेब्रुवारी
झोप नाही.

९ फेब्रुवारी
उपाय सापडला. एक, थाप मारली — खोलीतला टीव्ही बिघडलाय, हॉलमधलाच चालतो. (ज्याने जन्मभर ओक ट्री रोडवर व्हीसीआर दुरुस्त केले त्याने ही थाप मारावी!) दोन, मुक्या जागी कॉमेंट्री मी करणार. त्यासाठी भाग आधी बघायला हवा. त्याच्या घराची किल्ली माझ्याकडे असतेच. दुपारी तो झोपला की हॉलमध्ये बसून बघून ठेवतो. आवाज इतका बारीक, की फक्त माझ्याच कानांना पुरावा. मशीनचा प्लग लावला की नुसती घरघर ऐकून सांगायचो, बेल्ट गेलाय. असे कान आख्ख्या आयसेलिनमध्ये नाहीत!

संध्याकाळी आला. भिंत चाचपत, शिव्या देत — पण आला!

१७ फेब्रुवारी
रोज येतो. पैज असते, हरणाऱ्याने चहा करायचा. रोज मीच करतो! मी कॉमेंट्रीत काही फुटू देत नाही, तरी हा निम्म्यातच खुनी सांगतो. "माळी रे, माळी. साखर कमी घाल." कमाल डोकं आहे.

१ मार्च
आसावरी आली, तेव्हा आम्ही हॉलमध्ये भांडत होतो. "आत्या नाही, वकील! लावतोस पैज?" तिने हातातली बॅग खाली ठेवली. मग म्हणाली, "उन्हाळ्यापर्यंत राहू दे, काका. मग बघू." मी चहाच्या निमित्ताने आत गेलो.

२ मार्च
निघताना आसावरीने हळूच सांगितलं. श्रीरंगनेच तिच्याकडे कबूल केलं, तो दुपारी झोपत नाही. पलंगावर पडून सगळा भाग ऐकत असतो, अगदी शेवटच्या वाक्यापर्यंत.

तरी संध्याकाळी उठून यायचा.