हजेरीपटातला खोकला

शोनग्राबेन, मॅनिटोबा
४ ऑक्टोबर १९२०

चि. कॉर्नेलियस यास आशीर्वाद, वि. वि.

सरकारी मास्तरकी धरलीस म्हणून चर्चच्या मंडळीनं तुला वाळीत टाकलं, तेव्हापासून तुझ्याशी बोलायची बंदी आहे. लिहिण्याबद्दल धर्मगुरू काही म्हणाले नाहीत, म्हणून समोरच्या शाळेत राहणाऱ्या सख्ख्या भावाला हे टपालानं.

तुझं सरकारी नाटक रोज खिडकीतून बघते. झेंडा चढवतोस, घंटा बडवतोस आणि रिकाम्या बाकांना इंग्रजी शिकवतोस. बाकं हुशार झाली का रे? आमची मुलं आपल्याच शाळेत जर्मनमधून बायबल वाचतात. तशी मोकळीक देतो असा शब्द देऊनच सरकारनं आजोबांना रशियातून इथं आणलं. आता म्हणे मूल तुझ्याकडे धाडलं नाही तर बापाला दंड, दंड नाकारला तर तुरुंग. तुझा भाऊजी फ्रान्झ ऐकून नुसता हसला.

माया अजून आहे, पण दाराच्या आतच राहील.

तुझी ताई,
आगानेथा

९ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

बाकं तुमच्या धर्मगुरूंपेक्षा बरी. निदान विचार केल्याचा आव आणत नाहीत.

पटला तर कायदा पाळायचा, नाही पटला की देवाला पुढं करायचं, हा कुठला धर्म? उद्या घोडेचोरही म्हणेल, मनाचा कौल मिळाला! तुमचा गहू न्यायला सरकारची आगगाडी चालते, फक्त शाळेनं तेवढा देव बाटतो. भाऊजींना सांग, हसून वॉरंट परत जात नाही. गैरहजर मुलांची यादी मलाच धाडावी लागते.

राग असू दे, पण माझ्या भाच्याला, डीट्रिखला, माझ्याकडे शाळेत पाठव.

तुझा,
कॉर्नेलियस

३ नोव्हेंबर

कॉर्नेलियस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

काल सरकारी शाळा-तपासनीस पोलीस घेऊन आला. गल्लीतले पाच बाप धरले आणि आमचं दार ओलांडून पुढं गेला. मी कारण विचारलं, तर म्हणाला, तुमचा डीट्रिख महिनाभर खोकल्यानं अंथरुणात आहे, मास्तरांनी हजेरीपटात लिहिलंय. खोकला! पोरगं तेव्हा कोठाराच्या छपरावर उड्या मारत होतं. शेजारणी माझ्याकडे कशा बघत होत्या, ते तुला कळायचं नाही.

अरे कायद्याच्या पुजाऱ्या, आम्ही कायदा मोडतो तो दारात उभं राहून, आणि शिक्षा भोगतो. तू चोरून मोडलास, तोही आमच्या नावावर! इतकंच का रे ओळखलंस आम्हाला? फ्रान्झनं टोपी घातली, तपासनिसाची गाडी अडवली आणि सांगितलं, मुलगा धडधाकट आहे, मला न्या. दंड नाकारला, तीस दिवसांची शिक्षा झाली.

रडले नाही, असं लिहिणार होते. पण घरात एक खोटारडा पुरे.

आगानेथा

१९ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

माझी नोकरी गेली. तपासनिसानं एवढंच विचारलं, मास्तर असून कायदा का मोडलात? मनाचा कौल, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण तुम्हाला एवढं हिणवल्यावर कुठल्या तोंडानं बोलू? म्हणालो, तो माझ्या बहिणीचा नवरा आहे. तपासनीस हसला. म्हणाला, त्या अडाण्यांकडे निदान देव तरी आहे.

नंतर तुरुंगात भाऊजींना भेटायला गेलो. बोलायची बंदी त्यांनी तिथंही पाळली. फक्त खाटेवर सरकून जागा केली. तासभर बसलो दोघं.

लोभ असावा, असं कुठल्या हक्कानं लिहू?

कॉर्नेलियस