शनिवारची टूर माझीच

तीर महिन्याची २ तारीख, शनिवार. संध्याकाळ.
आजची टूर उत्तम झाली. ग्रुप तेहरानचा होता. दुपारी पाण्याच्या जुन्या टाक्यापाशी मी पायऱ्यांवर जरा आडवा झालो. तिथली फरशी भर उन्हाळ्यात किती गार असते हे सांगून कळत नाही, दाखवावं लागतं. बायका उगाच किंचाळल्या. एका गृहस्थाने माझ्या तोंडावर लिंबूसरबत ओतलं. उरलेली टूर तरानेने घेतली. ही आमच्या एजन्सीतली नवी पोरगी, शिकायला माझ्यामागे फिरते. गल्ली चुकली नाही म्हणे. नशीब तिचं.
संकल्प: पुढच्या टूरपासून टोपी. टोपीत माणूस म्हातारा दिसतो म्हणून आजवर टाळली.

३ तीर, रविवार.
तूबा म्हणते डॉक्टरकडे चला. मी म्हटलं, वाळवंटातल्या यझ्दच्या माणसाला कधी ऊन लागतं का? ती म्हणाली, माणसाला नाही लागत, म्हाताऱ्याला लागतं. बायको असून असं बोलते. तिच्याशी अबोला धरला. दुपारी भूक लागली तेव्हा सोडला.

४ तीर, सोमवार.
एजन्सीच्या मालकीणबाई, नाहीद खानम, स्वतः घरी आल्या. हातात खरबूज आणि बाकलावा मिठाईचा डबा. मी पायजमा बदलून येईपर्यंत तूबा त्यांच्याशी स्वयंपाकघरात कुजबुजत होती. खानम म्हणाल्या, "यदुल्लासाहेब, तुमच्याशिवाय जुन्या यझ्दच्या टूरला काय अर्थ? शनिवारपासून परत तुम्हीच घ्या." मी अर्थातच म्हटलं, "छे छे, माझी काय लायकी! पोरांना द्या आता." त्या म्हणाल्या, "असं कसं? तुम्हीच हवे." मी छातीवर हात ठेवून मान लववली. "आता नाही होत माझ्याच्याने, खानम. मोकळं करा मला."
दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा नाइलाजाने हो म्हणायचं, ही आपली रीत. आपला दुकानदारसुद्धा पैसे घेताना आधी 'राहू द्या हो' म्हणतो, म्हणून कोणी माल फुकट उचलून चालू लागत नाही. मी चहा ओतत तिसऱ्या आग्रहाची वाट पाहिली. खानमनी चहा प्यायला. "तुमची मर्जी," म्हणाल्या आणि चपला घातल्या.
बहुधा फोनवर विचारतील. समोरासमोर संकोच वाटला असणार.

६ तीर, बुधवार.
फोन नाही. फोन बिघडला नाहीये, शेजाऱ्याकडून करून पाहिला. शेजारी विचारत होता, तब्येत कशी आहे. गावात कोणी काय पसरवलंय कळत नाही.

८ तीर, शुक्रवार.
मेहुणा जेवायला आला. त्याच्या मिठाईच्या दुकानात गल्ल्यावर बसायला भरवशाचा माणूस हवाय. "भाऊजी, सावलीत बसायचं, पंख्याखाली. येता का?" मी म्हटलं, उद्या माझी टूर आहे. तो "बरं" म्हणाला आणि भात वाढून घेतला. एकदाच विचारलंन. तूबाच्या माहेरी रीतभात अशी कधी नव्हतीच. तूबा भांडी जरा जोरात घासत होती.

९ तीर, शनिवार.
सकाळी सहाला दाढी. इस्त्रीचा शर्ट, टोपी. दाराजवळ बसलो. नऊला फोन वाजला! तराने. "काका, दोन कड्यांच्या दाराची गोष्ट परत सांगा ना, मी विसरले." जुन्या दारांना वाजवायला पुरुषांची कडी वेगळी, बायकांची वेगळी, हे तर पोरंटोरंही सांगतील. पण आयुष्यभर चुकीची कडी वाजवणाऱ्या नवरदेवाची गोष्ट फक्त माझी. सांगितली. मी रचलेली आहे हे सांगायचं राहिलं.
खानमनी माझ्या जागी तात्पुरती सोय म्हणून तिला पाठवलं असणार. टोपी दुपारी काढली.

१३ तीर, बुधवार.
सहज फिरायला म्हणून जुन्या वस्तीत गेलो. अकराच्या उन्हात. योगायोगाने तरानेचा ग्रुप दिसला. मागे मागे चाललो, तिच्या चुका ध्यानात ठेवायला. दोन कड्यांच्या दारापाशी ती म्हणाली, "आमचे यदुल्लाकाका याची एक गोष्ट सांगतात. खरी नसावी, पण फार गोड आहे." लोक हसले. फार गोड, असं म्हणाली.
मग मी एका उंबऱ्यावर टेकलो. छातीत धडधडत होतं. रागाने. ग्रुपमधल्या एका बाईने माझा फोटो काढला आणि तरानेला विचारलं, इथं अजून लोक राहतात का?

१५ तीर, शुक्रवार.
ठरलं. उद्या ऑफिसात जायचं आणि सरळ म्हणायचं: खानम, मला टूर परत हवी आहे. आरशासमोर सराव केला. दर वेळी तोंडातून 'माझी काय लायकी'च निघायचं. शेवटी एकदा जमलं. तूबा दारात उभी होती. म्हणाली, "नका जाऊ." का, ते सांगेना.

१६ तीर, शनिवार.
खानम उठून उभ्या राहिल्या. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "तुमचे उपकार कसे फेडू? त्या दिवशी मनावर दगड ठेवून आले होते मी. तूबाखानम म्हणाल्या, याआधीही दोनदा पडलात. परत उन्हात पाठवणं शक्यच नव्हतं. पण तुमच्यासारख्या माणसाला 'पुरे आता' कुठल्या तोंडाने सांगू? म्हणून रीतीपुरतं म्हटलं, परत या. आणि तुम्ही ओळखलंत! स्वतःच मोकळं केलंत मला."
त्यांचे डोळे भरून आले होते.
मी म्हटलं, "त्यात काय, मला तेव्हाच कळलं होतं."
परत येताना सावली शोधत चाललो. घरी तूबाने विचारलं, काय झालं? खानम फार गळ घालत होत्या, मी ठाम नाही म्हटलं, असं सांगितलं. ती "बरं केलंत" म्हणाली आणि आत जाऊन रडली. मला ऐकू येत होतं.
ही वही कोणी वाचत नाही. मग लिहायला हरकत नाही. मला ती टूर हवी होती. त्या गल्ल्यांत मी वळलो की सगळे माझ्यामागे वळायचे.
उद्या सकाळी उठून कुठे जायचं, काही सुचत नाही.