फक्की उडाली होती

कावासाकी, जून १९९४, रविवार संध्याकाळ

फक्की उडाली होती. मी स्वतः पाहिली.

आज सुधीरच्या ऑफिसची बेसबॉल मॅच. अंपायर त्याचेच साहेब, मोरी-सान. शेवटी सुधीरने मारलेला बॉल बरोबर फक्कीने आखलेल्या रेषेवर पडला, पांढरा धुरळा उडाला. रेषेवरचा बॉल चालतो, एवढं मलाही कळतं आता. मोरी-साननी बाहेर पडला म्हणून फाउल दिला आणि आम्ही हरलो. कुणी चकार शब्द काढला नाही. मीच उठून ओरडले, "फाउल कसला? फक्की उडाली की!" ओरडले मराठीत, पण बोट रेषेकडे होतं. सगळ्यांना कळलं. सुधीरने टोपी काढून वाकून साहेबांचीच माफी मागितली.

त्याचं कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं की नाही, हे याच महिन्यात मोरी-सान ठरवणार. आमचं इथलं राहणंच त्यावर. कशाला तोंड उघडलं मी?

येताना स्टेशनवर त्याने मिठाईचा खोका घेतला.

"उद्या त्यांच्या घरी जाऊन दे. म्हण, माझी बघण्यात चूक झाली."

"तुला नाही दिसली फक्की?"

"दिसली. त्यांनाही दिसली असणार. म्हणून तर जायचं."

मघापासून ते जपानी वाक्य पाठ करतेय. माझी बघण्यात चूक झाली. दरवेळी शेवटच्या शब्दाला डोळ्यांपुढे फक्की उडतेच.