दुपारी झोपणारी कुत्री

बाबा, गेल्या महिन्यात आमच्याकडे कुत्रा आला. म्हणजे कुत्री आली. गावठी, तपकिरी, नऊ वर्षांची, एक कान जन्मापासून पडलेला. आत्ता ती पडवीत तुमच्या आरामखुर्चीखाली घोरत पडली आहे (ही खुर्ची मी दादाशी भांडून माझ्याकडे आणली) आणि तुमची नात तिच्या शेजारी बसून गणितं सोडवते आहे, मधूनच तिला उत्तर विचारते आहे. नातीला तुम्ही पाहिलं नाहीत. दहा वर्षांची आहे, नाक तुमचं आणि हट्ट माझा. पत्र म्हटलं की शुद्ध लिहायचं हा तुमचा दंडक, म्हणून शुद्ध लिहिते आहे. पण कोणी बोलायला लागलं की मालवणीच येणार, त्याला माझा इलाज नाही.

कुठला कुत्रा आणायचा यावरून आमच्या घरात सहा महिने नुसता गोंधळ होता. तुमचा जावई एसटीवर ड्रायव्हर, पहाटेची गाडी घेऊन जातो तो दिवेलागणीला उगवतो. मी जामसंड्याला दवाखान्यात नर्स, सहाच्या आत घर दिसत नाही. पोरगी दीड वाजता शाळेतून येते, शेजारच्या काकीकडून चावी घेते आणि दार उघडते. जावयाला लॅब्रॅडॉर हवा होता, पोरांत रमतो म्हणून. पोरीला निळ्या डोळ्यांचा हस्की. मी म्हटलं, "गो, एप्रिलात आपणच विहिरीत उडी मारूक बघतो, त्या बर्फातल्या कुत्र्याचा काय होतला?" माझ्या मनात पॉमेरेनियन होता, लहानसा, कुठेही मावणारा. पण त्याचे केस रोज विंचरावे लागतात असं कळल्यावर मीच गप्प बसले. माझी स्वतःची वेणी मी एसटीच्या थांब्यावर घालते.

शेवटी जावयाचा मित्र लग्नाला मुंबईला गेला आणि आपला लॅब्रॅडॉर चार दिवस आमच्या गळ्यात मारून गेला. जावई खूश, म्हणाला, ही परीक्षाच समज. परीक्षा झालीच. दुसऱ्या दिवशी काकीने दारापुढच्या खळ्यात चटईवर मीठ लावलेले बांगडे वाळत घातले होते. ह्याने दुपारी दोरी तोडली, दगडी गडग्यावरून उडी मारली आणि चटई साफ केली, एक शेपूट ठेवलं नाही. वर आमचं बादलीभर पाणी प्याला आणि सगळं तुळशीपाशी ओकला. मी घरी आले तर काकी कमरेवर हात ठेवून उभी. "गो, ह्यो कुत्रो आसा काय बोको? आमच्या बोक्याक तरी लाज आसा." मी माफी मागायला गेले, तर तिचा आवाज एकदम उतरला. म्हणाली, "बांगडे खाल्ल्यान तर खाल्ल्यान. पण तुमी सगळी गेल्यार दोन तास रडत होतो गो तो. ता रडणा माका ऐकवला नाय."

तेव्हा तुम्ही आठवलात. तेव्हा मी आताच्या पोरीच्याच वयाची. तुम्ही पोस्टमन, आई काजूच्या कारखान्यात, दादा मामाकडे शिकायला. मी म्हटलं, माका कुत्रो होयो. तुम्ही विचारलंत, "कित्याक?" मी म्हटलं, "घर राखूक." तुम्ही हसलात. "आपल्या घरात चोरण्यासारख्या काय आसा गो? आजयेचो पाटो?" आणि मे महिन्यात एका सकाळी मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून फेरीला घेऊन गेलात. खाकी पिशवीत एका बाजूला टपाल, दुसऱ्या बाजूला बेकरीतले टोस्टसारखे कडक बटर, वाटेतल्या कुत्र्यांसाठी. घाटीच्या वरच्या घराला कुलूप आहे आणि पडवीच्या खांबाला साखळीने एक काळा कुत्रा. भुंकतो आहे, पण आवाज फुटत नाही. तुम्ही बटर फेकत नाही, त्याच्यासमोर उकिडवे बसून हाताने भरवता. "रागान भुंकणा नाय ह्यो. कोणतरी येवक होया म्हणान भुंकता." पुढे दुकानाच्या उंबऱ्यात एक म्हातारा कुत्रा. तो एक डोळा उघडतो, तुम्हाला बघतो, मिटतो. "ह्यो सुखी. दुपारचो झोपता." आणि घरी आल्यावर सायकल लावता लावता म्हणालात, "आधी घर बघूचा, मगे कुत्रो. आपला घर अर्धो दिस कुलपात. परत इचारू नको." मी चार दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही रोज सकाळी माझ्या उशाशी एक बटर ठेवून जायचात. ते मात्र मी खात होते.

म्हणून या वेळी मी आधी घराकडे बघितलं. पिल्लू नको, रडणारं नको, उड्या मारणारं तर मुळीच नको. आमच्या वाडीत आता टपाल घेऊन एक बाई येते, तिला सांगितलं की दुपारी झोपणारा कुत्रा दिसला तर कळव. ती हसली, पण आठवड्याने स्वतःच आली. कुणकेश्वराकडे एक म्हातारं जोडपं मुलाकडे पुण्याला चाललं होतं आणि त्यांची कुत्री मागे राहणार होती. "माका बघून ती भुंकणा नाय, बाय. नुसतो एक डोळो उघडता." मी रविवारीच सगळ्यांना घेऊन गेले.

म्हातारीने चहा दिला आणि स्थळ बघायला आल्यासारखी आमचीच चौकशी केली. घरात कोण कोण, मासे कधी आणतात, कुत्रीला बांधणार का. मग पोरीकडे वळली. "दुपारची घराक कोण असता?" पोरगी म्हणाली, "मी." "आणि कुत्री कित्याक होयी तुका?" "घर राखूक," पोरगी म्हणाली, आणि ते म्हणताना ती कुत्रीकडे बघत नव्हती, स्वतःच्या चपलांकडे बघत होती. बाबा, माझ्या हातातला कप तसाच राहिला. म्हातारी म्हणाली, "घर काय राखतली ती, म्हातारी झाली. तुझ्या वांगडाक, सोबतीक रवतली. चलात मा?" पोरीने नुसती मान हलवली आणि कुत्रीच्या गळ्यात पडली. कुत्रीने एक डोळा उघडला. जावई लॅब्रॅडॉरचं नाव त्यानंतर काढत नाही, उलट गाडीवरून येताना तिच्यासाठी बटर आणतो.

आधी पोरगी दुपारी दवाखान्यात तीन तीन फोन करायची, आई कधी येतलंस म्हणून. कुत्री आली त्या दिवसापासून एकही नाही. परवा मीच न राहवून केला, तर म्हणाली, "हळू बोल, ती निजलीसा." मी औषधांच्या कपाटाआड जाऊन हसले आणि थोडी रडलेही. काकी बांगडे आता निर्धास्त वाळत घालते, कावळे आले की पोरगी आणि कुत्री दोघी मिळून हाकलतात, म्हणजे पोरगी हाकलते आणि कुत्री बघते.

पत्त्यावर नुसतं "वडाकडचे काका" लिहिलेलं असलं तरी तुम्ही पत्र बरोबर पोचवायचात. हे पोचवायला कोणी नाही, म्हणून खुंटीवरच्या तुमच्या खाकी पिशवीत ठेवते आहे. एक गोष्ट तेवढी तेव्हा सांगायची राहिली. तुम्ही कित्याक विचारलंत आणि मी घर राखूक म्हटलं, ते खोटं होतं. शाळेतून आल्यावर आई येईपर्यंत मी दाराला आतून कडी लावून, पाठ टेकून बसायचे आणि तुमच्या सायकलच्या घंटीकडे कान लावायचे. मला एकटीला भीती वाटायची, बाबा.