ताईच्या चिठ्ठीवरच्या गोळ्या

ताई,

सात वर्षं मी तुझ्याच चिठ्ठीवर गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या. दरवर्षी दवाखान्यात जाऊन बीपी तपासून घ्यायचीस तू, आणि गोळ्या दोघींच्या आणायचीस. "मला सोसतात म्हणजे तुलाही सोसतील." मलाही बरंच होतं, शिवणाचं दुकान बंद ठेवायला नको.

काल पहिल्यांदा डॉक्टरबाईंनी मला विचारलं, "डोकं दुखण्याआधी डोळ्यांसमोर काही चमकतं का?"

चमकतं की! नागमोडी रेघा नाचतात. तू म्हणायचीस, सुईत बघून बघून डोळे थकतात. बाईंनी त्या गोळ्या तिथल्या तिथे बंद केल्या. अशा डोकेदुखीत त्या गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो म्हणे. दुसऱ्या प्रकारच्या दिल्यात, तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलंय.

तुझ्यावर राग नाही. आळस माझाच.

पण मी तिथे गेले कशी, ते तुला सांगायचं नाही असं वचन दिलंय. म्हणून हे पत्र मशीनच्या खणातच राहणार. तुझी लेक आली होती, कॉलेजातून थेट. माझ्याकडचं गोळ्यांचं एक पाकीट मागत होती.

"मावशी, तुला सोसतात म्हणजे मलाही सोसतील."

तशीच उठले, दुकानाला कुलूप लावलं आणि तिला घेऊन गेले. आधी बाईंकडून तिला तपासून घेतलं, मग मी बसले.

तिचं बीपी चांगलं आहे, ताई. काळजी करू नकोस.

तुझी धाकटी